सुरक्षित संकेतस्थळ जोडणीतील त्रुटी : स्वरूप, निदान व उपाय

सारांश :

बँक व्यवहार, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, प्रवेशप्रक्रिया व ई-ग्रंथालय ही सर्व कामे आज इंटरनेट ब्राउझरच्या साहाय्याने केली जातात. ही कामे करीत असताना 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' अशा आशयाचा इशारा पडद्यावर येतो व काम थांबते. सर्वसामान्य वापरकर्ता अशा वेळी संकेतस्थळ बिघडले असे समजतो किंवा इशारा डावलून पुढे जातो. या दोन्ही प्रतिक्रिया बहुतांशी चुकीच्या असतात. प्रस्तुत लेखात सुरक्षित जोडणीचे तत्त्व, त्रुटींचे प्रकार, त्यांची कारणे व निदानाची क्रमवार पद्धती यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सुरक्षित जोडणी, डिजिटल प्रमाणपत्र, प्रमाणन संस्था, ब्राउझर, संगणकाचे घड्याळ.

प्रस्तावना :

अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी ग्रामीण भागातील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात दिसणारे दृश्य अनेकांच्या परिचयाचे असेल. विद्यार्थ्यांची रांग लागलेली असते. एका संगणकावर अर्जाचे पान विनातक्रार उघडते, तर शेजारच्याच संगणकावर लाल त्रिकोण व इशाऱ्याचे पान येते. विद्यार्थी पान पुनःपुन्हा उघडून पाहतो, संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो आणि शेवटी कोणीतरी अनुभवी मित्र सांगतो, "प्रगत पर्यायावर जा आणि 'तरीही पुढे जा' असे दाब." पान उघडते. त्या पानावर विद्यार्थी आपले नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक व पासवर्ड भरतो.

या प्रसंगात दोन शक्यता असतात. पहिली शक्यता अशी, की त्या संगणकाचे घड्याळ काही वर्षे मागे गेलेले आहे व इशाऱ्यामागे अन्य कोणतेही कारण नाही. दुसरी शक्यता अशी, की विद्यार्थी व संकेतस्थळ यांच्यामध्ये तिसरे कोणीतरी उभे आहे व भरलेली सर्व माहिती त्याच्या हाती पडत आहे. वरवर पाहता दोन्ही वेळी दिसणारे इशाऱ्याचे पान जवळजवळ सारखेच असते. या दोहोंतील फरक ओळखता येणे हे आजच्या काळात संगणक साक्षरतेचे एक आवश्यक अंग मानले पाहिजे.

लेखाची उद्दिष्टे :

१. सुरक्षित जोडणीची संकल्पना सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२. ब्राउझरमध्ये आढळणाऱ्या त्रुटींचे कारणांनुसार वर्गीकरण करणे.
३. त्रुटीचे मूळ वापरकर्त्याच्या संगणकात, मधल्या जाळ्यात की संकेतस्थळाच्या सर्व्हरवर आहे, हे ठरविण्याची पद्धती मांडणे.
४. इशारा डावलण्याच्या सवयीतील धोका उदाहरणांसह दाखविणे.

सुरक्षित जोडणीची पार्श्वभूमी :

संकेतस्थळाचा पत्ता 'एचटीटीपी' या अक्षरांनी सुरू होत असेल, तर ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील संभाषण उघड्या पोस्टकार्डासारखे असते. ते ज्या ज्या यंत्रातून जाते, तेथे ते वाचता येते व बदलताही येते. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असल्यास तेच संभाषण कूटबद्ध होऊन जाते. यासाठी नेटस्केप या कंपनीने १९९५ मध्ये 'सिक्युअर सॉकेट्स लेयर' म्हणजेच एसएसएल या नियमावलीची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली व १९९६ मध्ये तिसरी आवृत्ती आणली. पुढे या नियमावलीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण होऊन १९९९ मध्ये 'ट्रान्सपोर्ट लेयर सिक्युरिटी' म्हणजेच टीएलएस १.० अस्तित्वात आली. त्यानंतर २००६ मध्ये १.१, २००८ मध्ये १.२ आणि २०१८ मध्ये १.३ या आवृत्त्या आल्या. बोलीभाषेत आजही 'एसएसएल' हाच शब्द रूढ असला, तरी प्रत्यक्षात वापरात असलेली नियमावली टीएलएस हीच आहे. एसएसएलची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये, तर टीएलएस १.० व १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरविण्यात आल्या.

केवळ संभाषण कूटबद्ध करून प्रश्न सुटत नाही. आपण ज्याच्याशी कूटभाषेत बोलत आहोत तोच मुळात भामटा असेल, तर कूटभाषेचा उपयोग काय? म्हणून समोरच्याची ओळख पटविणे हे सुरक्षित जोडणीचे दुसरे व तितकेच महत्त्वाचे अंग होय. ही ओळख डिजिटल प्रमाणपत्राद्वारे पटविली जाते. प्रमाणपत्रात प्रामुख्याने चार गोष्टी असतात : संकेतस्थळाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, वैधतेचा आरंभ व शेवट, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी. सार्वजनिक किल्लीची जोडीदार असलेली खाजगी किल्ली फक्त सर्व्हरकडे असते. जोडणीच्या वेळी त्या खाजगी किल्लीने स्वाक्षरी करून सर्व्हर आपणच त्या प्रमाणपत्राचे धनी असल्याचे सिद्ध करतो.

ब्राउझर कोणत्या बाबी तपासतो?

सर्व्हरकडून प्रमाणपत्र मिळाल्यावर ब्राउझर स्वतःला पुढील प्रश्न विचारतो, असे म्हणता येईल.

१. पत्त्याच्या पट्टीत लिहिलेले नाव प्रमाणपत्रातील नावाशी जुळते काय?
२. आजची तारीख प्रमाणपत्राच्या मुदतीत बसते काय?
३. प्रमाणपत्रावरील स्वाक्षरी विश्वासार्ह संस्थेपर्यंत पोहोचते काय?
४. नियमावलीची आवृत्ती व कूटपद्धती दोन्ही बाजूंना मान्य आहे काय?
५. प्रमाणपत्र मुदतीपूर्वीच रद्द झाले आहे काय?

यांपैकी तिसरा प्रश्न विशेष समजून घेण्यासारखा आहे. गावातील अनोळखी माणसावर विश्वास ठेवताना 'याला कोण ओळखते' असे विचारले जाते. ओळख देणाऱ्यालाही आपण ओळखत नसलो, तर त्याची ओळख देणारा शोधावा लागतो. ब्राउझर नेमके हेच करतो. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर मध्यस्थ प्रमाणपत्राची स्वाक्षरी असते व मध्यस्थावर मूळ प्रमाणपत्राची. विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रांची यादी कार्यप्रणालीत किंवा ब्राउझरमध्ये आधीच साठविलेली असते. फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो. क्रोमनेही २०२२ पासून टप्प्याटप्प्याने स्वतःची यादी वापरण्यास सुरुवात केली. साखळी या यादीपर्यंत पोहोचली, तरच विश्वास सिद्ध होतो. एकच संकेतस्थळ एका ब्राउझरमध्ये उघडते व दुसऱ्यात उघडत नाही, यामागे पुष्कळदा याद्यांमधील हा फरक असतो.

त्रुटींचे वर्गीकरण व कारणमीमांसा :

१) तारखेची त्रुटी :

क्रोममध्ये इशाऱ्याच्या पानावर 'सर्ट डेट इनव्हॅलिड' अशा शब्दांचा संकेत दिसतो. फायरफॉक्समध्ये 'एक्स्पायर्ड सर्टिफिकेट' असे शब्द येतात. प्रमाणपत्राची मुदत खरोखर संपली असेल तर दोष संकेतस्थळाच्या व्यवस्थापनाचा असतो. तथापि ब्राउझर आजची तारीख संगणकाच्या घड्याळावरून ठरवितो हे लक्षात घेतले पाहिजे. घड्याळ चुकले तर खरे प्रमाणपत्रही खोटे ठरते.

संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम मदरबोर्डवरील रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी बॅटरी करते. बहुसंख्य डेस्कटॉप संगणकांत ती 'सीआर २०३२' या क्रमांकाची, ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. ती संपली, की संगणकाचा वीजपुरवठा पूर्ण तुटताच घड्याळ निर्मात्याने ठरविलेल्या जुन्या तारखेवर जाते. समजा, घड्याळ २०१५ सालावर गेले आणि प्रमाणपत्र त्यानंतर दहा वर्षांनी दिलेले आहे. ब्राउझरच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही. त्यामुळे एखादे नव्हे, तर जवळजवळ सर्वच सुरक्षित संकेतस्थळे त्या संगणकावर नाकारली जातात. भारनियमन असलेल्या भागात अथवा रोज सायंकाळी मुख्य बटण बंद करण्याची शिस्त असलेल्या संगणक कक्षात हा दोष दररोज सकाळी नव्याने उद्भवतो, याचे कारण हेच होय.

या ठिकाणी आणखी एक सूक्ष्म चूक आढळते. विद्यार्थी घड्याळातील तास व मिनिटे दुरुस्त करतात, परंतु वर्ष तसेच राहते. काही वेळा वेळ बरोबर दिसते, पण कालविभाग अमेरिकेचा निवडलेला असतो. अमेरिकेचा पॅसिफिक कालविभाग हिवाळ्यात भारतीय प्रमाणवेळेच्या साडेतेरा तास मागे असतो. तो कालविभाग निवडलेला असताना भिंतीवरील घड्याळ पाहून वेळ लावली, तर संगणकाची जागतिक वेळ साडेतेरा तास पुढे जाते. अशा संगणकावर मुदत संपत आलेले प्रमाणपत्र वेळेआधीच संपलेले दिसते. म्हणून दिवस, महिना, वर्ष, वेळ व कालविभाग हे पाचही घटक पाहणे आवश्यक ठरते.

प्रमाणपत्राला मुदत का असावी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. खाजगी किल्ली चोरीला जाऊ शकते, संकेतस्थळाचे नाव दुसऱ्याच्या मालकीचे होऊ शकते, आणि रद्द केलेल्या प्रमाणपत्राची वार्ता प्रत्येक ब्राउझरपर्यंत वेळेवर पोहोचेलच असे नाही. मुदत जितकी कमी, तितका चोरीचा फायदा कमी. १ सप्टेंबर २०२० पासून नव्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवस झाली. प्रमाणन संस्था व ब्राउझर निर्माते यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ही मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस व १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस करण्याचा कालक्रम ठरविला. परिणामी, हाताने नूतनीकरण करणाऱ्या लहान संस्थांच्या संकेतस्थळांवर तारखेची त्रुटी वाढण्याचा संभव असून स्वयंचलित नूतनीकरण हाच त्यावरील टिकाऊ उपाय आहे.

२) नावाची त्रुटी :

क्रोममध्ये या त्रुटीचा संकेत 'सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड' असा असतो. प्रमाणपत्र एका नावासाठी घेतलेले असते व पत्ता दुसऱ्या नावाने उघडलेला असतो. उदाहरणार्थ, आरंभी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असलेल्या नावाचे प्रमाणपत्र घेतले, पण त्याशिवायचे नाव त्यात नोंदविले नाही, तर एक पत्ता उघडतो व दुसरा अडतो. तारांकित प्रमाणपत्र मुख्य नावाच्या खालील एकाच पातळीला लागू होते. त्याखालील दुसऱ्या पातळीवरील नावास ते चालत नाही. तसेच २०१७ पासून क्रोम प्रमाणपत्रातील जुन्या 'सामान्य नाव' या रकान्याकडे पाहत नाही. 'पर्यायी नावे' या रकान्यात नाव असलेच पाहिजे. महाविद्यालयाच्या अंतर्गत सर्व्हरसाठी घरीच तयार केलेली जुनी प्रमाणपत्रे या कारणाने नाकारली जातात.

नावाच्या त्रुटीचे आणखी एक नित्य कारण म्हणजे वाय-फायचे प्रवेशपान. रेल्वे स्थानक, वसतिगृह किंवा महाविद्यालय येथील जाळे प्रथम वापरकर्त्याला स्वतःच्या प्रवेशपानाकडे वळवू पाहते. वापरकर्त्याने बँकेचा पत्ता लिहिलेला असतो व उत्तर मात्र प्रवेशपानाकडून येते. ब्राउझर ही विसंगती ओळखून इशारा देतो. अशा वेळी 'एचटीटीपी' ने सुरू होणारा एखादा साधा पत्ता उघडल्यास प्रवेशपान समोर येते. तेथील नोंद पूर्ण झाल्यावर त्रुटी आपोआप नाहीशी होते.

३) प्रमाणन संस्थेची त्रुटी :

'सर्ट अथॉरिटी इनव्हॅलिड' किंवा 'अननोन इश्यूअर' असे संकेत स्वाक्षरीची साखळी विश्वासार्ह यादीपर्यंत पोहोचत नसल्याचे दर्शवितात. याची प्रमुख कारणे चार आहेत.

पहिले कारण, प्रमाणपत्र स्वयंस्वाक्षरित असणे. म्हणजे स्वतःच स्वतःची ओळख देणे. राउटर, छपाईयंत्र किंवा सीसीटीव्ही यंत्राच्या व्यवस्थापन पानावर असे प्रमाणपत्र असणे नेहमीचे आहे, परंतु बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या पानावर ते मुळीच अपेक्षित नाही.

दुसरे कारण, सर्व्हरवर मध्यस्थ प्रमाणपत्र बसविण्याचे राहून जाणे. ही व्यवस्थापकाची अत्यंत सामान्य चूक होय. काही ब्राउझर गहाळ दुवा स्वतः शोधून आणतात किंवा आधी साठविलेला वापरतात, तर काही तसे करीत नाहीत. त्यामुळे 'आमच्या संगणकावर तर उघडते' असे व्यवस्थापक सांगतो आणि विद्यार्थ्याच्या फोनवर मात्र ते उघडत नाही. दोघेही खरेच बोलत असतात.

तिसरे कारण, संगणकातील विश्वासाची यादी जुनी असणे. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून सर्वांना विनामूल्य प्रमाणपत्रे देत आहे. तिच्या साखळीतील एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. नवे मूळ प्रमाणपत्र ज्यांच्या यादीत नव्हते, अशा अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या संगणकांवर त्या दिवसापासून असंख्य संकेतस्थळे उघडेनाशी झाली. वस्तुतः त्या संकेतस्थळांत काहीही बिघाड झालेला नव्हता.

चौथे कारण, मध्ये कोणीतरी प्रमाणपत्र बदलणे. अनेक अँटिव्हायरस प्रणाली व संस्थांचे फायरवॉल सुरक्षित संभाषण तपासण्यासाठी ते मध्येच उलगडतात व स्वतःच्या प्रमाणपत्राने पुन्हा बंद करतात. त्यांचे मूळ प्रमाणपत्र ब्राउझरच्या यादीत नसेल, तर सर्वच संकेतस्थळांवर इशारा येतो. प्रमाणपत्र उघडून 'कोणी दिले' हा रकाना पाहिल्यास तेथे अँटिव्हायरसचे अथवा फायरवॉलचे नाव आढळते. तेथे पूर्णतः अनोळखी नाव आढळल्यास मात्र प्रकरण गंभीर समजावे.

४) आवृत्ती व कूटपद्धतीची त्रुटी :

'व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच' हा संकेत दोन्ही बाजूंना समान भाषा सापडली नाही, असे सांगतो. जुना सर्व्हर फक्त टीएलएस १.० जाणत असेल, तर नवा ब्राउझर त्याच्याशी बोलत नाही. याउलट, जुन्या संगणकावरील ब्राउझर १.२ जाणत नसेल, तर नवा सर्व्हर त्याला नाकारतो. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी व विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. क्रोमची ४९ ही आवृत्ती एक्सपीसाठी व १०९ ही आवृत्ती विंडोज ७ साठी अखेरची ठरली. अशा संगणकांवर सुरक्षित जोडणीच्या त्रुटी कालांतराने वाढतच जाणार, हे उघड आहे. जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करून काम चालविणे हा उपाय नव्हे. २०१४ मध्ये एसएसएलच्या तिसऱ्या आवृत्तीतील 'पूडल' हा दोष उघडकीस आला आणि जुन्या आवृत्तीकडे माघार घेण्याच्या सोयीचाच हल्लेखोर कसा लाभ घेऊ शकतात, हे त्यातून सिद्ध झाले.

५) प्रमाणपत्र रद्द होण्याची त्रुटी :

खाजगी किल्ली फुटल्यास किंवा प्रमाणपत्र चुकीने दिले गेल्यास प्रमाणन संस्था ते मुदतीपूर्वी रद्द करते. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या 'हार्टब्लीड' या दोषामुळे सर्व्हरच्या स्मृतीतून खाजगी किल्ल्या बाहेर पडण्याचा धोका निर्माण झाला व मोठ्या प्रमाणावर प्रमाणपत्रे बदलावी लागली. हा संकेत दिसल्यास वापरकर्त्याने स्वतःच्या संगणकात दोष शोधत बसू नये. त्याने त्या संकेतस्थळाचा वापर थांबवावा.

निदानाची क्रमवार पद्धती :

वैद्य ज्याप्रमाणे औषधापूर्वी लक्षणे विचारतो, त्याप्रमाणे दुरुस्तीपूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. त्रुटी एकाच संकेतस्थळावर आहे की सर्वच? सर्वच असल्यास दोष बहुधा आपल्या संगणकात अथवा जाळ्यात असतो. एकाच संकेतस्थळावर असल्यास दोष बहुधा त्या सर्व्हरचा असतो.

२. संगणकाची तारीख, वर्ष, वेळ व कालविभाग तपासावा. सेटिंग्जमधील 'वेळ आपोआप ठरवा' हा पर्याय चालू करावा. दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा मागे गेल्यास मदरबोर्डवरील बॅटरी बदलावी. बॅटरी बदलताना संगणकाची वायर भिंतीतील सॉकेटमधून काढलेली असावी.

३. तोच पत्ता त्याच जाळ्यावरील दुसऱ्या संगणकावर व नंतर मोबाइलच्या इंटरनेटवर उघडून पाहावा. मोबाइलच्या इंटरनेटवर उघडते व संस्थेच्या जाळ्यावर नाही, असे आढळल्यास फायरवॉल अथवा वाय-फायचे प्रवेशपान यांचा विचार करावा.

४. इशाऱ्याच्या पानावरील संकेत वाचून वहीत उतरवावा. 'एरर आला' एवढे सांगणे निरुपयोगी असते. तारीख, नाव, संस्था की आवृत्ती, यांपैकी कोणता प्रश्न नापास झाला हे त्या संकेतातच लिहिलेले असते.

५. प्रमाणपत्र उघडून तीन रकाने पाहावेत : कोणाला दिले, कोणी दिले, केव्हापासून केव्हापर्यंत.

६. दुसरा ब्राउझर वापरून पाहावा. एकात चालते व दुसऱ्यात नाही, असे असल्यास विश्वासाची यादी किंवा मध्यस्थ प्रमाणपत्र यांकडे लक्ष द्यावे.

७. कार्यप्रणाली व ब्राउझर अद्ययावत करावेत.

८. दोष सर्व्हरचा असल्याची खात्री झाल्यास संबंधित संस्थेला संकेत, दिनांक व वेळ यांसह कळवावे. व्यवस्थापकाने 'एसएसएल लॅब्स' यांसारख्या विनामूल्य चाचणीद्वारे संपूर्ण साखळी तपासावी.

ब्राउझरचा इतिहास व कुकीज पुसून टाका, असा सल्ला नेहमी दिला जातो. प्रमाणपत्राच्या त्रुटीत त्याचा क्वचितच उपयोग होतो, कारण सर्व्हर प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी आपले प्रमाणपत्र पुन्हा सिद्ध करतो. अँटिव्हायरस कायमचा काढून टाकणे हाही उपाय नव्हे. त्यातील सुरक्षित संभाषण तपासणीचा पर्याय तेवढा बंद करून फरक पडतो का, हे पाहावे.

इशारा डावलण्याचा प्रश्न :

बहुतेक इशारे निरुपद्रवी कारणांमुळे येत असतील, तर त्यांची एवढी भीती का बाळगावी, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. या आक्षेपास २०११ मधील घटनेने उत्तर दिले आहे. नेदरलँड्समधील 'डिजिनोटार' या प्रमाणन संस्थेच्या यंत्रणेत हल्लेखोर शिरले व त्यांनी ५०० हून अधिक बनावट प्रमाणपत्रे तयार करून घेतली. त्यांत गुगलच्या नावाचे एक प्रमाणपत्र होते. विश्वासाच्या यादीत ही संस्था असल्याने बनावट प्रमाणपत्र सर्वसाधारण तपासणीत उत्तीर्ण होत होते. इराणमधील सुमारे ३ लाख पत्त्यांवरून झालेल्या जोडण्या त्याच्या सावटाखाली आल्या. क्रोममध्ये मात्र गुगलच्या स्वतःच्या संकेतस्थळांसाठी अधिकची एक तपासणी होती. तिच्यामुळे ऑगस्ट २०११ मध्ये इराणमधील एका सामान्य जीमेल वापरकर्त्याच्या पडद्यावर इशारा आला. त्याने तो डावलला नाही. हे काय आहे, अशी त्याने जाहीरपणे विचारणा केली. त्या एका विचारणेतून संपूर्ण प्रकार जगापुढे आला, सर्व ब्राउझरांनी त्या संस्थेवरील विश्वास काढून घेतला आणि सप्टेंबर २०११ मध्ये ती संस्था दिवाळखोरीत निघाली.

भारतातही अशी एक घटना घडली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये देशात प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाची व्यवस्था निर्माण झाली. त्या व्यवस्थेखालील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गुगलच्या काही नावांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे जुलै २०१४ मध्ये निदर्शनास आले. नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्याने विंडोजवरील अनेक प्रणाली त्यांवर विश्वास ठेवू शकत होत्या. फायरफॉक्सच्या स्वतंत्र यादीत ते नसल्याने तो ब्राउझर बाधित झाला नाही. संबंधित मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द करण्यात आली व क्रोमने त्या मूळ प्रमाणपत्रावरील विश्वास ठराविक भारतीय डोमेनपुरता मर्यादित केला. अधिकृत संस्थाही चुकू शकते आणि म्हणून तपासणी अखंड चालू ठेवावी लागते, हा या घटनेचा बोध आहे.

इशारा डावलण्याची सोयही सर्वत्र नसते. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या 'एचएसटीएस' या व्यवस्थेद्वारे संकेतस्थळ ब्राउझरला आधीच बजावून ठेवू शकते, की माझ्याशी केवळ सुरक्षित जोडणीनेच बोलावे. अशा संकेतस्थळाच्या इशाऱ्यावर पुढे जाण्याचा पर्यायच दिसत नाही. वापरकर्त्याला ही अडवणूक वाटते, पण त्याच्या पासवर्डचे रक्षण तीच करीत असते.

याच्या उलट बाजूही ध्यानात घ्यावी. इशारा न येणे म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक असणे नव्हे. साधे प्रमाणपत्र त्या नावावर ताबा कोणाचा एवढेच सिद्ध करते, मालकाची नियत सिद्ध करीत नाही. फसवणूक करणाराही मिळत्याजुळत्या नावाचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळवू शकतो. कुलपाच्या चिन्हाविषयीचा हा गैरसमज लक्षात घेऊन क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतील कुलूप काढून तेथे तटस्थ चिन्ह आणले. त्यामुळे पत्त्यातील अक्षरे डोळसपणे वाचण्याला पर्याय नाही.

संगणक कक्षासाठी शिफारशी :

१. प्रत्येक संगणकाची तारीख सकाळी तपासण्याची नोंदवही ठेवावी व नादुरुस्त बॅटऱ्या सत्रारंभीच बदलाव्यात.
२. फायरवॉल सुरक्षित संभाषण उलगडत असल्यास ही बाब वापरकर्त्यांना स्पष्टपणे सांगावी व बँक व्यवहाराची संकेतस्थळे त्यातून वगळावीत.
३. आधार संपलेल्या कार्यप्रणालीच्या संगणकांवर आर्थिक माहितीचे अर्ज भरू देऊ नयेत.
४. अर्जाच्या शेवटच्या दिवसापूर्वी सर्व संगणकांवर ते संकेतस्थळ उघडून पाहावे.
५. 'तरीही पुढे जा' असा सल्ला कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांस देऊ नये.

निष्कर्ष :

१. सुरक्षित जोडणीच्या बहुसंख्य त्रुटी नाव, तारीख, विश्वासाची साखळी व आवृत्ती या चार प्रश्नांत सामावतात.
२. सर्व संकेतस्थळांवर एकाच वेळी येणारी त्रुटी संगणकाच्या घड्याळाकडे किंवा मधल्या जाळ्याकडे निर्देश करते, तर एकाच संकेतस्थळावर येणारी त्रुटी त्याच्या सर्व्हरकडे निर्देश करते.
३. त्रुटीचा संकेत व प्रमाणपत्रातील तीन रकाने वाचता आले, तर निदान सामान्य वापरकर्त्यासही शक्य आहे.
४. कारण समजल्याशिवाय इशारा डावलणे धोक्याचे आहे, कारण निरुपद्रवी व घातक कारणांचे बाह्यरूप एकच असते.

समारोप :

ज्या विद्यार्थ्याच्या घरात संगणक नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयाचा संगणक कक्ष हेच शासकीय सवलतींचे प्रवेशद्वार असते. तेथे संपलेल्या एका छोट्या बॅटरीमुळे त्याचा अर्ज राहू शकतो, आणि घाईने डावललेल्या एका इशाऱ्यामुळे त्याचे बँक खाते उघडे पडू शकते. दोन्ही हानी टाळण्यासाठी लागणारे ज्ञान अवघड नाही. पडद्यावरील लाल त्रिकोण पाहून पुढे जाण्याची घाई करण्याऐवजी 'हा नेमके काय सांगतो आहे' एवढा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तरी संगणक शिक्षणाचा मोठा हेतू साध्य होईल.